आमच्या कॅसेटवरचं शेवटचं गाणं

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

आज सकाळी बडोद्याला, सुभानपुऱ्यात नितीनकडे आम्ही तिघे कॉलेजचे मित्र जमलो होतो. कॉलेजात असताना कॅनडाच्या एका हार्ड रॉक बँडने आम्हाला वेड लावलं होतं. आमच्याकडे त्यांची एकच कॅसेट होती, तीही कुणाकडून तरी भरून आणलेली. तिच्यावरचं शेवटचं गाणं आम्ही तिघे दरवर्षी गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवर वाजवायचो. गिटार चढत चढत जायची आणि एकदम शांतता. काय जबरदस्त शेवट, म्हणून आम्हीच मिरवायचो!

नितीनच्या मुलीने ते गाणं फोनवर लावलं. ती जागा आली, आम्ही तिघांनी हवेत शेवटचा ठोका मारला, आणि गाणं पुढे चालूच राहिलं.

आमच्या कॅसेटची फीतच तिथे संपली होती. तीस वर्षं आम्ही त्यालाच शेवट समजत होतो.

मुलगी पोट धरून हसली. आमचा ड्रमर नितीन मात्र भडकला. "बंद कर ने! आपलं गाणं इथेच संपतं."

तिने बंद केलं.

घरी आल्यापासून मी चारदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. माझ्या फोनवर गाणं त्याच जागी आणून थांबवलंय. पुढे अजून दोन मिनिटं आहेत.

माझ्या जागी तुम्ही असतात तर ती नितीनशिवाय ऐकली असती?