फिल्ममधले नालबंद

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

उदगीरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचे. निजामाचं राज्य गेलं तेव्हाची एक सरकारी फिल्म आम्ही दर सतरा सप्टेंबरला मुलांना दाखवायचो. काळी-पांढरी, जेमतेम दहा मिनिटांची. भारताची फौज येते, लोक हार घालतात, मग निजामाचे रझाकार रांगेनं हत्यारं खाली ठेवतात आणि निवेदकाचा आवाज चढतो. मुलं टाळ्या वाजवायची. मीही वाजवायचे.

रझाकारांनी लोकांवर जुलूम केला, तो खराच होता. माझ्या आजोळानं तो सोसलाय. म्हणून का मी पुढं तशी वागले? नाही — ते कारण नव्हतं.

सत्तार सर चित्रकलेचे. बदलून आले त्या वर्षी त्यांनी ती फिल्म पहिल्यांदा पाहिली. रांगेत तलवार घेतलेला एक म्हातारा दिसला, आणि सर मध्येच उठून बाहेर गेले. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाले,

"बाई, ते माझे दादा हायत. वडलांचे वडील. उजव्या कानाची पाळी बघा, घोड्यानं चावल्याली. घरी फोटो हाय. पण अम्मी म्हणती, ते नालबंद होते, घोड्यांना नाल ठोकायचे. रझाकारात कधीच न्हवते. तुम्ही इतिहासाच्या — जरा बारकाईनं बघून सांगता का?"

मी बघितलं. घरी लॅपटॉपवर, थांबवून थांबवून. आधी काही वाटलं नाही. मग तलवारीच्या मुठीला बांधलेलं पांढरं फडकं दिसलं. रांगेतल्या तीन वेगवेगळ्या माणसांनी तलवारी ठेवल्या — तिन्ही वेळा तेच फडकं, तीच गाठ. एकच तलवार फिरवलेली! एक जण तर हसू दाबत कॅमेऱ्याच्या बाजूला बघतोय, आता करू का, असं विचारल्यासारखा.

आणि म्हातारा? तो आधीही होता. फौजेला हार घालणाऱ्या गर्दीत, अगदी पुढं. तीच फाटलेली पाळी, कोपरावर उसवलेली तीच बाही. हार घालायला आलेल्या माणसाला कुणीतरी तलवार देऊन रांगेत उभं केलं होतं. माणसं कमी पडली असतील. त्याला काय सांगितलं असेल?

मला सगळं दिसलं. शंका घ्यायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सत्तार सर वाट बघत होते. मी म्हणाले, "सर, चार वेळा बघितलं. तसं काही दिसलं नाही. ते रझाकारच असावेत."

का म्हणाले? शाळेत प्रदर्शन ठरलं होतं, त्यातले फोटो मीच फिल्ममधून काढले होते. इतकी वर्षं मुलांना छातीठोकपणे सांगितलं होतं — हे बघा, हे असं घडलं. आता कोणत्या तोंडानं सांगणार? आणि गावात कुणी म्हटलं असतं, बाई रझाकारांच्या बाजूनं बोलायल्यात — त्याची भीती वाटली. एवढंच होतं. याहून मोठं काही नव्हतं.

 सर म्हणाले, "तुम्ही म्हणता तर तसंच असंल."

प्रदर्शनात तलवारीसह म्हाताऱ्याचा फोटो लागला. खालची अक्षरं काढायचं काम चित्रकलेच्या शिक्षकाचं. 'शरण आलेला रझाकार' — सत्तार सरांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, काळ्या रंगात. मी शेजारी उभी होते. टाचण्या माझ्या हातात होत्या.

त्यांच्या अम्मी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, माझा सासरा तसा न्हवता. मायलेकांत त्यावरून अबोला होता. त्या गेल्या तेव्हा मी भेटायला गेले. सर अंगणात खुर्ची ओढत म्हणाले, "अम्मीला लई समजावलं बाई. म्हटलं, शिकलेल्या बाईंनी सोता बघितलंय, त्या कशाला खोटं सांगत्याल? न्हाई ऐकलं तिनं." मग म्हणाले, "तुमच्यामुळं निदान मला तरी खरं कळलं."

मी मान डोलावली. त्यांच्या बायकोनं चहा आणला, तो मी पूर्ण प्याले.

सर आता अहमदपूरला असतात. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.