वाळवंटातलं गोठलेलं पाणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी अनसिंगजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला होता. तो वाचता येणारा गावात मी एकटाच, याचा मला फार तोरा होता. गावात आलेली पत्रंही मीच वाचून दाखवत असे.

गावातला एक तरुण शेतकरी फौजेत मोटार चालवायला गेला होता. त्याचं पत्र आलं की त्याच्या घरच्या ओसरीवर माणसं जमत. बायको दाराआड उभी राहून ऐके. एका हिवाळ्यात त्यानं लिहिलं, ‘आम्ही वाळवंटात आहो. इथं पहाटे डब्यातलं पाणी गोठून दगड होते.’

मी वाचता वाचता हसलो. वाळवंट म्हणजे नुसती आग, हे मी पंधरा वर्षं शिकवत आलो होतो. म्हणालो, “वाळवंटात पाणी कसं गोठेल? हा भलतीकडेच कुठंतरी आहे.”

“थंड मुलखात असन,” शेजारी म्हणाला. “एकटा थोडाच कुडकुडत बसन? केली असन दुसरी.”

लोक हसले. फौजेतल्या पोराचा बाप, तिचा सासरा, मात्र खाली बघत राहिला.

दाराआडून ती म्हणाली, “गुर्जी, आमी रातच्याले हरभऱ्याच्या जागलीले जातो. आभाळ भरलं असलं तं थंडी कमी वाजते. आभाळ कोरं असलं तं शेकोटीजवळबी दात वाजतात. तिथं ढगच नसतात म्हनता. मंग दिवसाची ऊब धरून कोन ठेवीन?”

“पुस्तक तू वाचलंस का मी?” एवढंच मी विचारलं.

नवऱ्यानं दुसरी केल्याची बातमी तिच्या माहेरी पोचली. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा आमच्याकडे दुसऱ्याशी पाट लावून देत. भाऊ तिला न्यायला आला, तेव्हा सासऱ्यानं अडवलं नाही. “हरभरा निघेपर्यंत राहू द्या,” असं म्हणून तिनंच महिनाभराची सवड मागून घेतली.

त्याच महिन्यात साहेब शाळा तपासायला येणार होते, म्हणून मी भूगोलाचं पुस्तक पुन्हा चाळायला घेतलं. वाळवंटाच्या धड्यात पुढच्याच पानावर लिहिलं होतं, की हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे तापलेली वाळू रात्री झपाट्यानं निवते आणि हिवाळ्यात पाणीसुद्धा गोठतं. त्या पानावर परीक्षेत प्रश्न येत नसे, म्हणून मी ते कधी वाचलंच नव्हतं.

चार दिवस मी कुणाला काही बोललो नाही. पाचव्या दिवशी भावाची बैलगाडी त्यांच्या दारात उभी दिसली, तेव्हा पुस्तक घेऊन गेलो. “सरकारनं नवं पुस्तक पाठवलंय, त्यात नवा शोध आहे,” असं सांगून ते पान वाचलं. सासऱ्यानं दोनदा वाचायला लावलं. मग भावाला म्हणाला, “जेवून घ्या. अन् गाडी रिकामीच न्या.”

लढाई संपल्यावर नवरा परत आला.

त्याआधी, ठरल्याप्रमाणे त्याच महिन्यात साहेब शाळेत आले होते. त्यांनी वाळवंटातल्या थंडीबद्दल विचारलं, तेव्हा मुलांनी हरभऱ्याच्या जागलीचं उदाहरण दिलं. ते मीच पढवून ठेवलं होतं. शिक्षकानं गावातलं उदाहरण शोधून शिकवलं, असा शेरा मिळाला. उदाहरण कुणाचं, हे मी सांगितलं नाही.

पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणी, मागच्या वर्षी तिच्याकडे जाऊन सगळं कबूल केलं. ती तूर पाखडत होती. सुपावरची नजर न काढता म्हणाली, “मले तवाच मालूम होतं. पुस्तकाले वाळवी लागली होती. नव्या पुस्तकाले लागते काय, गुर्जी?”

“मग बोलली काहून नाहीस?”

“माह्यं घर टिकून राह्यलं होतं. तुमची लाज काढून काय करू?” मग म्हणाली, “आता सांगूनच राह्यले तं माह्या नातीच्या वर्गात जाऊन सांगा. तिलेबी भूगोल हाये.”

परवा वाशीमला तिच्या नातीच्या शाळेत जाऊन सांगून आलो. मुलींनी बरंच काही विचारलं. ढग ऊब धरतात तर दिवसा ऊन अडवतात का, मग ढगाळ मुलूख गरम का थंड? मला उत्तर आलं नाही. तसं सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून पुस्तक उघडलं.