जर्मन गाडीला मॉरिसचा पंप

देवमन मिस्त्री ‘बहुतेक’ हा शब्द वापरत नसे. गाडी होईल म्हणाला की ती होई, आणि नाही म्हणाला की मालकानं ती खुशाल भंगारात घालावी, असा मंगरूळपिरात त्याचा लौकिक होता. लष्कराच्या वर्कशॉपात बारा वर्षं काढून तो सत्तर साली घरी परतला आणि कारंजा रस्त्यावर कडुनिंबाखाली पत्र्याचं शेड घालून बसला. शेडच्या एका भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. दुसऱ्या भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं पाने टांगलेले असत. वापरलेला पाना पुसून त्याच्या खिळ्यावर गेल्याशिवाय तो दुसऱ्याला हात लावत नसे. बोलणं मात्र सडेतोड. शेठ असो की कुणी साहेब, गाडीची चूक तो तोंडावर सांगे.

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात जिनिंगवाले कस्तुरचंद शेठ त्याच्याकडे आले. त्यांच्या जिनिंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक जर्मन मोटार सहा वर्षं पडून होती. वडील इंदरचंद यांनी ती मुंबईत एका परदेशी वकिलातीच्या लिलावात घेतली होती. बायकोला, भंवरीबाईंना, शिरपूरच्या जैन देवळाला आरामात नेता यावं एवढ्यासाठी. दोनच वर्षं गाडी चालली. तिला कार्बोरेटर नव्हता. इंजिनात पेट्रोल फवारणारं एक नाजूक यंत्र होतं. ते बिघडलं, त्याचे भाग या देशात मिळेनात, आणि पुढं इंदरचंदही गेले.

“देवमन, मायचा वर्षीतप सुरू आहे,” कस्तुरचंद म्हणाले. “एक दिवस उपास, एक दिवस जेवण. तेरा महिने होत आले. अक्षय्य तृतीयेले पारणं आहे, अन् ते शिरपुरातच करीन म्हणते. कमरेचं हाड मोडल्यापासून जीपमध्ये तिले बसवत नाही. त्या गाडीच्या मागच्या गादीवर लोळता येते.”

“अन् नाही पोचल्या तं?”

“दिवस बुडाल्यावर ती पाणीसुदा घेत नाही. उपासावर उपास होईन. बहात्तर वर्षांची आहे, देवमन.”

देवमननं गाडी पाहिली. इंजिनात हात घातला, वास घेतला, आणि म्हणाला, “फवारा काढून फेकतो. तुमच्या जुन्या जीपचा कार्बोरेटर बसवतो. होईन.”

कार्बोरेटर बसवण्यासाठी लागणारी पट्टी त्यानं अकोल्याहून लेथवर करून आणली. ते काम आठवड्यात झालं. खरी गोष्ट अडली ती पंपावर. टाकी मागं आणि इंजिन पुढं, म्हणजे पेट्रोल पुढं आणायला पंप हवाच. तो कोणता, यावर रोज शेडमध्ये सभा भरू लागली.

शेठचा ड्रायव्हर उदयसिंग म्हणाला, “मिस्त्री, गाडीचा तिचा सोताचा पंप आहे ना मागं? चांगला चालते. त्यालेच ठेव. काहून हुशारी करून राह्यला?”

“तो पंप फवाऱ्यासाठी आहे, सिंगभाऊ. जोर लय आहे त्याचा. कार्बोरेटर बिचारा साधा माणूस. त्याच्या वाटीत पेट्रोल भरलं की एक सुई तोंड बंद करते. मागून कोणी लोटत राह्यलं तं ती सुई किती तग धरीन?”

“मंग ॲम्बेसिडरचा बसव.”

“तो इंजिनाच्या दांड्यावर चालते. या इंजिनात त्याले बसाले जागाच नाही ठेवली जर्मनवाल्यानं.”

“मंग टपावर डबा बांध अन् सोड नळी!” उदयसिंग म्हणाला, आणि बाकावरचे सगळे हसले.

देवमन हसला नाही. तो खरंच डबा घेऊन आला. जोर मोजायचं घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. लष्करात होतं, इथं नव्हतं. पण पातळ पदार्थाच्या उंचीवरून जोर कळतो हे त्याला ठाऊक होतं. त्यानं डब्यात रॉकेल भरलं, डब्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक कार्बोरेटरला जोडलं, आणि डबा दोरीनं कडुनिंबाच्या फांदीवर ओढायला सुरुवात केली. दर फुटावर दोरीला गाठ होती. बायको दुर्गाबाई कमरेवर हात ठेवून पाहत उभी होती.

“माह्या चुलीचं रॉकेल झाडाले पाजता काय?”

“परत देतो. तू फकत कार्बोरेटरकडे पाह्य. गळला की सांग.”

पाच फूट, सात फूट, आठ फूट. नऊ फुटांवर डबा गेला तशी दुर्गाबाई ओरडली, “मुतला!”

बाकावरच्यांची हसून पुरेवाट झाली. देवमननं खडूनं भिंतीवर नऊ फुटांची खूण केली. मग दुसरी बाजू मोजली. पंप खाली ठेवून नळी उभी धरली आणि कोणता पंप रॉकेल किती वर चढवतो ते पाहिलं. जर्मन पंपानं ते शेडच्या पत्र्यावरून पलीकडं उडवलं. उदयसिंगचा सदरा भिजला. त्यानंतर देवमननं एका मोडीत निघालेल्या मॉरिस मायनरचा जुना विजेचा पंप जोडला. तो टिकटिक करत रॉकेल पाच फुटांपर्यंत घेऊन गेला आणि तिथं गप्प बसला.

“हा आपला,” देवमन म्हणाला. “टाकीपासून कार्बोरेटर अडीच फूट वर. पंप चढवते पाच फूट. सुई सोसते नऊ फूट. कोणाचंच भांडण नाही.”

मॉरिसमध्ये तो पंप बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर असे. देवमननं तो याही गाडीत तिथंच बसवला. गाडी सुरू झाली आणि शेठच्या दारात जाऊन उभी राहिली. पुढचे पंधरा दिवस उदयसिंगनं ती रोज सकाळी शेलूबाजारपर्यंत आणि रोज संध्याकाळी मानोऱ्याच्या रस्त्यानं फिरवून आणली. एकदाही अडली नाही. पंप वाटी भरली की थांबे, रिकामी झाली की टिकटिके.

दुपारी मात्र ती कुणी चालवली नाही. वऱ्हाडात चैत्र-वैशाखात बारा ते चार कुणी काही करत नाही. दुकानांच्या फळ्या लागतात, जिनिंग थांबतं, माणसं ओल्या गोणपाटाच्या आड पडून राहतात. देवमनही शेडमध्ये खाट टाकून झोपत असे. सकाळी सहाला निघून नऊला शिरपुरात पोचायचं ठरलेलं, तेव्हा गाडी दुपारी चालवून बघावी हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

अक्षय्य तृतीयेला, ऐन निघायच्या वेळी, गावातल्या जैन मंडळींनी भंवरीबाईंची मिरवणूक काढली. ती तासाभरात आटोपणार होती. पण प्रत्येक दारात बायका थांबवत, टिळा लावत, नारळ देत, आणि वर्षीतप पुरा करणाऱ्या बाईच्या पाया पडायला हिंदू, मुसलमान, सगळ्याच आळ्यांतल्या म्हाताऱ्या येत. बाईंना कुणाला नाही म्हणवेना. गाडी निघाली तेव्हा बारा वाजून गेले होते. उदयसिंग चालवायला, त्याच्या शेजारी हत्यारांची पिशवी घेऊन देवमन, मागं भंवरीबाई, आणि त्यांच्या पायाशी आखडून बसलेले कस्तुरचंद. घरची बाकीची मंडळी आणि पारण्याचा उसाचा रस सकाळीच बसनं शिरपूरला गेला होता.

शेलूबाजार मागं पडलं आणि गाडीनं दोन गचके दिले. तिसऱ्या गचक्याला इंजिन बंद पडलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर उन्हानं पाघळलं होतं.

देवमननं बॉनेट उघडलं. पंप तडातडा वाजत होता, थांबायचं नाव घेत नव्हता. त्याला हात लावला तर चटका बसला.

“पेट्रोल संपलं काय?” शेठनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता.

“पेट्रोल आहे. त्याची वाफ होऊन राह्यली. पंपाच्या पोटात वाफ भरली, तो ओढून काय ओढीन?”

“पाणी टाक त्याच्यावर,” उदयसिंग म्हणाला. पाणी कुठं होतं? विहीर दिसत नव्हती. गाडीत होती ती एकच पितळी कळशी, तोंडाला फडकं बांधलेली. भंवरीबाईंचं उकळून निववलेलं पाणी. पारण्यानंतर प्यायचं.

बाईंनी ती स्वतःच पुढं सरकवली. “घे.”

“माय, ते तुमचं...”

“पारणं होईलोक मले कुठं प्यायचं आहे? शिरपुरात लाकडं नाहीत काय उकळाले? घे म्हणते ना.”

देवमननं फडकं भिजवून पंपावर गुंडाळलं. दहा मिनिटांनी इंजिन सुरू झालं. दोन मैल गेलं आणि पुन्हा बंद पडलं. पुन्हा फडकं भिजवलं, पुन्हा दीड मैल. मालेगावच्या अलीकडं कळशी रिती झाली. दीड वाजला होता.

कस्तुरचंद खाली उतरून रस्त्यावर येरझारा घालू लागले. “देवमन, तूच म्हणत होता ना, कोणाचंच भांडण नाही?”

“म्हणत होतो.” देवमननं त्यांच्याकडे पाहिलं. “पंप बरोबर आहे, शेठजी. जागा चुकली. चूक माह्यी. मॉरिसमध्ये पाह्यला तिथं ठेवून देल्ला, दुपारचं ऊन इचारातच नाही घेतलं. पंप ढकलते चांगला, ओढते वाईट. त्याले थंड जागी, टाकीच्या बाजूले पायजे. मंग तो ढकलत नेते अन् वाफ धरत नाही.”

“अन् ते कधी करशीन?”

“आताच. एक तास द्या.”

“एक तास!” शेठ म्हणाले. “मालेगावाहून दुसरी गाडी पाह्यतो मी. जीप तं जीप.”

मागच्या सीटवरून भंवरीबाईंचा आवाज आला. उपासानं बारीक झाला होता, पण स्पष्ट होता. “कस्तुर, बस गुपचूप. जीपच्या धक्क्यानं मी पारण्याआधीच जाईन. त्याले करू दे. दिवस बुडाले पाच तास आहेत.”

बाभळीची जी काय विरळ सावली होती तिच्यात गाडी ढकलून नेली. देवमन पाठीवर पडून गाडीखाली शिरला. पाघळलेलं डांबर सदऱ्याला चिकटलं. त्यानं टाकीजवळ नळी करवतीनं कापली, मागच्या चाकामागं जिथं इंजिनाची धग येत नाही आणि धावताना वारा लागतो, तिथं जुन्या ट्यूबच्या रबरी पट्टीनं पंप घट्ट आवळला, आणि पुढं जिथं पंप होता तिथं नळी सरळ कार्बोरेटरला जोडून टाकली. राहिली विजेची तार. जर्मन पंपाबरोबर त्याची जुनी तारही त्यानं काढून टाकली होती. नवी पुढून मागं न्यायची तर गाडीच्या आतून, भंवरीबाईंच्या पायांखालून.

“बाई, थोडे पाय वर घेता काय?”

“घेते. ते टोक इकडे दे. मी धरते, तू मागून ओढ.”

तेरा महिन्यांच्या तपानं वाळलेल्या त्या हातांनी तारेचं टोक सीटच्या फटीत सारलं. पलीकडून देवमननं ते ओढून घेतलं.

“आलं काय?”

“आलं, माय.”

पावणेतीनला त्यानं किल्ली फिरवायला सांगितलं. पंप मागून टिकटिकला, पाच-सहा वेळा भरभर, मग सावकाश, मग थांबला. वाटी भरली होती. देवमन उभा राहून डांबर लागलेली पाठ झाडू लागला आणि उदयसिंगला म्हणाला, “चाल. थांबू नको कुठी.”

ते थांबले नाहीत. मालेगाव गेलं, शिरपूरचा फाटा आला, आणि साडेतीनच्या आत गाडी धर्मशाळेच्या दारात उभी राहिली. मंडळींचे डोळे वाटेकडे लागलेले होते. हीराबाई, भंवरीबाईंची लेक, अनवाणी धावत आली. बाईंना उचलून आधी देवळात नेलं. चारला त्यांनी लेकीच्या हातून उसाच्या रसाची पहिली इवलीशी मडकी ओठाला लावली. देवमन तेव्हा चाकामागं वाकून पंपाला हात लावून पाहत होता. पंप कोमट होता, इतकंच.

सगळ्यांचं मत पडलं की बाईंनी उन्हं उतरेपर्यंत पडावं आणि रात्री थंड वेळी निघावं. बाईंना ते पटलं नाही. संध्याकाळचं प्रतिक्रमण, दिवसभरातल्या चुकांची क्षमा मागण्याचा नेम, त्यांना आपल्या घरी, आपल्या आसनावर करायचं होतं. त्यांनी देवमनला बोलावलं. तो दाराशी उभा राहिला, हातात हीराबाईंनी दिलेला रसाचा पेला.

“देवमन, ऊन तं अजून तसंच आहे. आता निघालो तं दिवसाउजेडी घरी पोचवशीन काय?”

“पोचवतो.”

“पाह्य बरं, कळशी रिकामी आहे.”

“रिकामीच राहू द्या, माय.”

साडेचारला गाडी उन्हातच निघाली. कस्तुरचंद दर मैलाला मागं वळून धुराकडे पाहत होते. भंवरीबाई डोळे मिटून माळ ओढत होत्या. मालेगाव ओलांडलं तेव्हा उदयसिंगनं काहीतरी विचारायला शेजारी मान वळवली. देवमन मिस्त्री दाराला डोकं टेकून, तोंड थोडं उघडं ठेवून, गाढ झोपला होता.

“उठवू काय?” उदयसिंगनं हळूच विचारलं.

“कायले?” भंवरीबाई म्हणाल्या. “चालव.”