ताईनं पाठवलेला सिनेमा

सिनेमा ताईनं पाठवला होता, आणि तो घरच्यांना कसा वाटतो हे बघून तिला कळवायचं काम माझ्याकडं होतं.

"तू सिनेमा बघू नकोस," तिनं शनिवारी मेसेज केला. "तू त्यांच्याकडं बघ. पप्पा कुठं हसतात, मम्मी कुठं उठून आत जाते. सगळं मला लिहून पाठव. उद्या सात वाजता मी फोन करते आणि सांगून टाकते."

सांगायचं काय होतं, ते मला एक वर्षापासून माहीत होतं. ताई चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीला गेली. पहिल्या वर्षी दिवाळीला आली, त्यानंतर तीन वर्षं आली नाही. तिच्या घरात एक जर्मन मुलगा राहतो. व्हिडिओ कॉलवर एकदा तिच्या मागं दाराशी मोठे बूट दिसले. मी काही विचारलं नाही, म्हणून तिनंच सांगितलं. मी कुणाला सांगणार नाही याची तिला खात्री होती. मी मुळात कुणाला फारसं काही सांगतच नाही. या दिवाळीला ती त्याला घेऊन येणार होती. घरच्यांनी नाही म्हटलं, तर तीही येणार नव्हती. "मग परत कधीच नाही बघ," असं ती म्हणाली होती, आणि ताई चिडून बोलते तेव्हा मी घाबरत नाही, पण हे ती शांतपणे म्हणाली होती.

मी शिरवळला एका कंपनीत कामाला आहे. शनिवारी रात्री एसटीनं सांगलीला येते, सोमवारी पहाटे परत. माझी सगळी शाळा महाबळेश्वरच्या बाजूला बोर्डिंगमध्ये, इंग्रजी माध्यमात झाली. त्यामुळं घरातलं इंग्रजी वाचायचं काम माझं. बँकेचं पत्र, विम्याचा कागद, औषधाच्या पाकिटातली घडी घातलेली चिठ्ठी, सगळं माझ्यापुढं येतं. मी वाचून मराठीत सांगते आणि ते खरं मानलं जातं. त्या रविवारीही तसंच होणार होतं, कारण सिनेमा जर्मन आणि खालची अक्षरं इंग्रजी.

बघायला चौघं होतो. पप्पा, मम्मी, मी आणि आत्या. आत्या पप्पांची मोठी बहीण. ती कुंडलला असते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आली होती. डोळ्यावर काळा चष्मा. डॉक्टरांनी टीव्ही बघू नका म्हणून सांगितलं होतं.

"एक डोळा मना केलाय," आत्या म्हणाली. "दुसऱ्यानं बघती की."

चार वाजता लावला. दोन तासांचा सिनेमा, सहाला संपेल, मग जेवण. आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. एरवी मी शिरवळला काही पाळत नाही, पण चातुर्मास चालू होता आणि घरी असले की मीही सगळ्यांबरोबर उजेडीच जेवते. मम्मीनं भाजी, आमटी आधीच करून ठेवली होती.

गोष्ट सोपी होती. एका लहान गावात एका माणसाची जुनी खाणावळ. त्याची मुलगी शहरात शिकायला जाते आणि एके दिवशी एका मुलाला घेऊन घरी येते. गंमत अशी की मुलगा शाकाहारी आणि खाणावळ सगळी मांसाची. ताईनं त्यासाठीच हा निवडला होता. शाकाहारी हिरो बघून घरचे त्याच्या बाजूनं होतील, असा तिचा हिशोब.

पण पहिल्याच पाच मिनिटांत कॅमेरा स्वयंपाकघरात गेला. आढ्याला ओळीनं काहीतरी लांबलचक लटकत होतं.

"ते काय टांगलंय गं?" आत्यानं विचारलं. "पडवळ हाय व्हय?"

"हो. तसलंच काहीतरी."

मम्मीनं माझ्याकडं बघितलं. मी टीव्हीकडं. मग त्या बापानं लाकडी ओट्यावर एक लालसर गोळा आपटला आणि मी कुणी विचारायच्या आत म्हणाले, "बीट घालून कणीक मळतोय."

मांडीवर फोन होता. मी ताईला लिहिलं, "तू हा नीट बघितलास का?"

"का? मस्त आहे की! हिरो शाकाहारी आहे."

तिला खरंच कळलं नव्हतं. चार वर्षांत तिची नजर अशी झाली होती की ते लटकलेलं तिला आता दिसतच नव्हतं. मला पहिल्यांदाच वाटलं की ती फार लांब गेली आहे.

पण पुढं बरं चाललं. मुलगा जेवायला बसला. एकेक ताट येतं आणि तो हसून नको म्हणतो. मुलीची आई, मामा, सगळे आग्रह करतात.

"नको म्हन रं! नको म्हन!" आत्या खुर्चीत पुढं सरकली. "बरूबर हाय त्याचं. लय गुणाचं पोरगं हाय. कुठलं म्हनं ह्ये?"

"जर्मनीचाच."

"असू दे. संस्कार हायत."

शेवटी त्या मुलानं एक तुकडा गुपचूप कोटाच्या खिशात टाकला आणि घरातलं कुत्रं सगळ्या गावातून त्याच्या मागं फिरू लागलं. पप्पा मोठ्यानं हसले. पप्पांचं हळदीचं अडत दुकान आहे, दिवसभर बोलून घसा बसलेला असतो, घरी ते फार बोलत नाहीत. ते असे हसलेले मी बऱ्याच दिवसांनी ऐकले. मी लिहिलं, "पप्पा हसले. जोरात." थोड्या वेळानं, "आत्या त्याच्या बाजूनं. म्हणते संस्कार आहेत." मग, "मम्मी अजून उठली नाही." ताईकडून नुसती हृदयं येत होती. मला वाटलं, जमतंय.

मग तो प्रसंग आला. रात्री खाणावळ बंद झाल्यावर मुलगी बापाला बाहेरच्या बाकावर बसवते. तिचा चेहरा बदलला तेव्हाच मी सरळ होऊन बसले. खाली अक्षरं आली: तो पाहुणा नाही. आम्ही दोन वर्षं एकत्र राहतोय. मी विचारायला नाही, सांगायला आलेय.

मी वाचलं, "तो माझा चांगला मित्र आहे. तुम्हाला भेटवायला आणलाय."

"चांगलं केलं," आत्या म्हणाली.

मम्मी पानं घ्यायला आत गेली. साडेपाच होऊन गेले होते. पडद्यावर तो बाप उठला, बाकाला लाथ मारली आणि आत निघून गेला.

"मित्र आणलाय म्हणून एवढा राग?" पप्पा म्हणाले. "थांबव."

मी थांबवलं.

"मागं घे."

"काही नाही पप्पा, ते..."

"मागं घे गं."

मी मागं घेतलं. पप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. त्यांना इंग्रजी येत नाही असं नाही. सावकाश येतं, ओठ हलवत. व्यापाऱ्यांची पत्रं वाचून वाचून जेवढं आलंय तेवढं. त्यांनी ती तीन वाक्यं वाचली. रिमोट माझ्या हातातून घेऊन परत वाचली.

"दोन वर्षं आहेत इथं. तू दोन वर्षं गाळलीस."

"आत्यासमोर कसं तरी वाटलं."

"मला काय हुतंय?" आत्या म्हणाली. "माझ्यावर कशाला घालती?"

"आणि ते विचारायला नाही, सांगायला? ते पण आत्यामुळं?"

मी पडद्यावरच्या त्या तीन वाक्यांकडं बघत राहिले.

"औषधाची चिठ्ठी वाचतीस माझ्या," पप्पा म्हणाले, "तेव्हा पण गाळतीस का?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

"चला, पानं वाढली," मम्मी आतून म्हणाली. "दिवस जाईल."

कुणी हललं नाही. पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन आता टीव्हीच्या वर, भिंतीवर चढलं होतं. आणि माझ्या मांडीवर फोन उजळला. ताईचा मेसेज होता: बाकावरचा सीन झाला का? पप्पा काय म्हणाले??

पप्पांनी तो वाचला नाही. फक्त उजेड बघितला आणि माझं तोंड.

"तिचा आहे?"

मी फोन पालथा घालू शकत होते. ऑफिसचा आहे म्हटलं असतं तर त्यांनी मानलंही असतं, कदाचित. मी फोन त्यांच्या हातात दिला. का दिला, हे मी ताईला अजून नीट सांगू शकलेले नाही.

ते वाचत राहिले. ओठ हलवत, वरपासून खालपर्यंत. तू त्यांच्याकडं बघ. मी फोन करते आणि सांगून टाकते. पप्पा हसले. जोरात. मम्मी अजून उठली नाही.

"माझ्या हसण्याचा रिपोर्ट," ते म्हणाले.

मम्मी हात पुसत दारात आली. "काय झालं? आमटी गार झाली."

"थोरलीनं माणूस केलाय तिकडं," पप्पा म्हणाले. "हिला माहीत आहे."

मम्मीनं मला विचारलं, "किती दिवस?"

"एक वर्ष."

"मी तिचं विचारत नाही. तुला किती दिवस माहीत आहे?"

"तेच. एक वर्ष."

"दर रविवारी इथं बसून जेवत होतीस," ती म्हणाली. "माझ्या हातचं." मग प्रश्न सुरू झाले. कोण आहे, काय करतो, खातो काय, आईबाप आहेत का, लग्न केलंय का नुसतंच. मला त्यातलं अर्धंच माहीत होतं. जे माहीत होतं ते मी सांगत गेले, आणि प्रत्येक उत्तराला मम्मी मान हलवत होती, जणू मी तिच्याकडं असलेल्या यादीत खुणा करत होते. पप्पांनी एकही प्रश्न विचारला नाही. पडद्यावर ती मुलगी बाकावर एकटी, तोंड अर्धं उघडं, तशीच थांबली होती.

"दिवस गेला," आत्या म्हणाली.

आम्ही खिडकीकडं बघितलं. भिंतीवर ऊन नव्हतं. आत चार पानं वाढलेली होती. मम्मी गेली आणि एकेक ताट झाकून ठेवू लागली. मला भूक लागली होती आणि त्या वेळी भूक लागावी याची लाज वाटली.

सातला फोन वाजला. तो पप्पांच्याच हातात होता. त्यांनी स्पीकर लावला.

ताईचा फोन आमच्याकडं नेहमी संध्याकाळी येतो, आणि ती नेहमी एकच विचारते. पलीकडून नेहमी एकच उत्तर जातं, हो, झालं. ते विचारणंही नसतं, उत्तरही नसतं.

"जेवलात का?" ताई म्हणाली. आवाज हसरा होता.

"नाही," पप्पा म्हणाले.

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

मी काही लिहायची गरज उरली नव्हती. चातुर्मासात, दिवस मावळल्यावर, घरातली चार माणसं उपाशी. तिला सगळं कळलं. तिकडं कुणीतरी हळूच दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"पप्पा, मी येऊ नको का?"

"सकाळी बोलू."

"तेवढं सांगा फक्त."

"सकाळी, म्हटलं ना."

सोमवारी पहाटेच्या एसटीनं मी गेले नाही. रजा टाकली. पप्पा अंघोळ करून देवळात जाऊन आले. मम्मीनं पोहे ठेवले, माझ्यापुढंही ठेवले, पण माझ्याशी बोलली नाही. पप्पा पोह्यांच्या ताटलीसमोर तसेच बसले, हात न लावता.

"तो सिनेमा लाव," ते म्हणाले. "थांबवला होतास तिथनं."

आत्या चष्मा चाचपत येऊन बसली. मी रिमोट उचलला, तशी ती म्हणाली, "आदी एक सांग. ते टांगल्यालं काय हुतं?"

"मांस," मी म्हणाले.

"आणि ती कणीक?"

"ते पण."

"मला कळलं हुतं की," आत्या म्हणाली. "एक डोळा हाय मला. पर तू बिचारी एवढी घामाघूम हुईत सांगत हुतीस, म्हनलं पडवळ तर पडवळ."

पप्पा हसले नाहीत. "वाच," ते म्हणाले. "सगळं वाच."

मी वाचलं. तो पाहुणा नाही. आम्ही दोन वर्षं एकत्र राहतोय. मी विचारायला नाही, सांगायला आलेय. पुढं बाप मुलीशी बोलत नाही, मुलगा खाणावळीत भांडी घासायला लागतो, मुलीला त्या मुलाचाच राग येतो. काही वाक्यं मम्मी-पप्पांसमोर म्हणण्यासारखी नव्हती, तीही मी म्हणाले. मम्मी स्वयंपाकघरात होती, पण मिक्सर लावत नव्हती, नळही सोडत नव्हती. शेवटी त्या बापानं एक भाजी केली, ती करपवली आणि तरी मुलासमोर आणून ठेवली. मुलानं खाल्ली. सिनेमा संपला. नावं वर सरकू लागली.

"त्याला भाजी करता येत नाही," पप्पा म्हणाले. मग गार पोह्यांचा घास घेतला. सगळी ताटली संपवली.

"तिला लिही," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"आम्ही शेवटपर्यंत बघितला म्हणून लिही."

मी लिहिलं. तिकडं पहाट होती, तरी लगेच खाली ती टाईप करत असल्याचं दिसायला लागलं. मग थांबलं. परत दिसलं.

पप्पा दुकानाची किल्ली घेऊन दाराशी गेले, चप्पल घातली, आणि माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, "दोघंही या म्हणावं. पण उजेड असताना पोचायचं. रात्री आलात तर जेवायला मिळणार नाही."

आत भांडं जोरात आपटलं. मम्मीचं उत्तर वेगळं होतं, आणि ते दिवाळीपर्यंत वेगळंच राहिलं.

मी पप्पांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मग मम्मीनं भांडं आपटलं, तेही लिहिलं.