मागीलदारचा रॅम्प

"मॅडम, तुमचा रॅम्प पडूनच आहे," मुख्याध्यापक फोनवर म्हणाले. "आणि श्रावणी आठ दिवस शाळेत आलेली नाही."

मी आर्किटेक्ट, रत्नागिरीची. सावर्ड्याजवळच्या त्या शाळेची नवी इमारत माझ्याच डिझाइनची. सातवीतली श्रावणी व्हीलचेअरवर असते. तिच्यासाठी मी मुद्दाम रॅम्प दिला होता, म्हणजे पायऱ्यांऐवजी सोपा चढ. तरीही तिची आई तिला रोज उचलून पुढच्या पाच पायऱ्या चढवायची. आता आईची कंबर धरली आणि डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. मुलीची शाळा कायमची सुटायची वेळ आली होती.

मी टेप घेऊन पोचले. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, अगदी नियमाबरहुकूम. रेलिंग ठीक. फरशी खरखरीत. शेवटी शाळेतली जुनी व्हीलचेअर घेतली आणि स्वतःच बसून वर गेले. शिपाईमामा तोंडाला रुमाल लावून हसत होते. मी आरामात चढले. मग घोडं पेंड कुठे खात होतं? मला काही केल्या कळेना.

"मुलगी हट्टी आहे हो," मुख्याध्यापक म्हणाले.

मी तिच्या घरी गेले. श्रावणी पडवीत अभ्यास करत होती.

"चढ जमत नाही का गं?"

"जमतो."

"भीती वाटते?"

"नाय."

मी आणखीच गोंधळले. खरं सांगायचं तर थोडी चिडलेही. इतकं केलं, आणि पोरगी धड बोलेना.

आई आतून पाणी घेऊन आली. "मॅडम, राग नका मानू. पण मागीलदारानं आमच्यात कोण येतं? लाकडं नि शेणाची पाटी."

मग श्रावणी बोलली. "प्रार्थनेआधी सगळी पुढच्या पायऱ्यांवर बसतात. मी मागनं आले की वर्गात एकटीच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या माहेरीही मागीलदार आहे. पाहुण्याला तिथून कुणी घरात घेत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण मागची जमीन उंच, तिथे रॅम्प आखूड होतो, म्हणून मी तो मागे टाकला आणि ड्रॉइंगवर ऐटीत लिहिलं, 'एंट्री टू'.

पुढच्या पायऱ्या काढून तिथे सगळ्यांसाठीच रुंद चढ करायचं मी सुचवलं. संस्थेचे अध्यक्ष दचकले. "पायरीवर देणगीदारांचं नाव कोरलंय!"

"चढावर कोरू. मोठ्या अक्षरात."

दिवाळीच्या सुट्टीत काम झालं. कडेला बसायला चिऱ्याचा कट्टाही बांधला. चढ किती द्यायचा ते नियमांच्या पुस्तकात मिळतं. कुठल्या दाराला द्यायचा, ते माणसांना विचारावं लागतं.

महिन्याभराने मुख्याध्यापकांचा पुन्हा फोन. "मॅडम, श्रावणी रोज प्रार्थनेला उशिरा येते. बाहेर गप्पा मारत बसते."

"एकटीच?"

"छे हो, पाच जणी आहेत."

"मग ओरडा की," मी म्हटलं. "पाचही जणींना सारखंच ओरडा."