पालिकेची मुलगी नववीत

"बाई नाही, मॅडम म्हणायचं," क्लार्क म्हणाला.

मी ऑफिसच्या दारात उभी होते. आई माझ्या मागे. भाईंदर पूर्वेची ती खासगी मराठी शाळा. जून महिना. मी पालिकेच्या शाळेतून आठवी पास झाले होते. आमची शाळा आठवीला संपते. पुढे पालिकेचा वर्गच नाही. पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

मुख्याध्यापक मॅडमनी माझा दाखला दोन बोटांनी उचलला. "पालिकेची?" त्यांनी आईला विचारलं. मग नववीचं इंग्रजीचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "वाच."

मी वाचायला लागले. मागे इतर पालक रांगेत होते. तिसऱ्या ओळीत अडले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा तिथेच अडले. मागून कोणीतरी हसलं.

"बघितलंत?" मॅडम म्हणाल्या. "आमचा निकाल शंभर टक्के असतो. हिच्यासाठी खाली आणू? घरी बसवा. नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी देता येते. अशा मुलींना तेच बरं."

अशा मुलींना.

आई शांती नगरात एका सोसायटीत जिने पुसते. मोठ्या माणसांपुढे तिच्या तोंडून एकच शब्द निघतो. "थँक्यू मॅडम," ती म्हणाली. मीही म्हणाले. आमचा अपमान झाला आणि आम्ही आभार मानून बाहेर आलो.

मग मी घरी बसले. नवघरातली आमची एक खोली. बाबा वॉचमन, आई कामावर, दार लोटलेलं. पालिकेच्या शाळेत आमच्या वर्गात एकवीस मुली होत्या. एक रत्नागिरीला आजीकडे गेली, एक स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला लागली. बाकीच्या कुठे गेल्या ते कळलंच नाही. साडेबाराला मी रोज पालिकेचा जुना युनिफॉर्म घालायची आणि आठवीचीच पुस्तकं उघडून भिंतीला टेकून बसायची. युनिफॉर्मशिवाय अभ्यासाला बसतात कसं, मला ठाऊकच नव्हतं. पाच वाजता आई यायच्या आधी काढून ठेवायची. तिला दिसलं असतं तर ती रडली असती. शेजारच्या भाभी दारातून म्हणायच्या, "अरे, घर पे बैठके क्या करेगी? मम्मी के साथ काम पे जा." वाईट मनाने नाही म्हणायच्या. म्हणून जास्त लागायचं.

जुलैमध्ये बाजारात आमचे आठवीचे सर भेटले. हातात भाजीची पिशवी. मी सगळं सांगितलं. सरांनी पिशवी खाली ठेवली.

"नाही म्हणाल्या, ते कागदावर दिलं का?"

"नाही सर. तोंडी."

"मग तू घरी कशी काय बसलीस?"

एवढंच बोलले ते. त्यांचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. आमच्या माणसांची ही चूक पिढ्यानपिढ्यांची आहे. साहेब तोंडाने नाही म्हणाला की आम्ही ते सरकारी शिक्का मारल्यासारखं मानतो आणि घरी येतो. आपल्याला काही मागायचं असलं की मात्र सगळे अर्ज लिहून आणायला सांगतात.

दुसऱ्या दिवशी फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला. दोन प्रती. आईला सांगितलं नाही. तोच युनिफॉर्म घालून एकटीच गेले.

"मॅडम, प्रवेश द्या. नसेल द्यायचा तर कारण लिहून द्या. आणि या प्रतीवर पोच द्या."

"हे कोणी शिकवलं तुला?"

"शाळेने. आठवीला पत्रलेखन होतं."

क्लार्क म्हणाला, "जा बाकावर बस, बघू." मी बसले नाही. टेबलासमोर उभी राहिले. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलं येऊन बघून गेली. मी उभीच. लिहून द्यायची मात्र कोणाची तयारी नव्हती. शेवटी मॅडम क्लार्कला म्हणाल्या, "घ्या हिला क तुकडीत. डोक्याला ताप नको."

असा मला प्रवेश मिळाला. पुढची दोन वर्षं माझं नाव 'पालिका' होतं. "ए पालिका, सरक." शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही. डबा मी एकटीच खायची. जुन्या वर्गातल्या वीस मैत्रिणींपैकी एक जरी सोबत असती तरी मला दुसरं काही नको होतं. दहावी पास झाले. त्यांचा निकाल खाली आला नाही. कोणी तसं म्हणालं मात्र नाही.

आता मी बी.कॉम. आहे. आमच्या घरातली पहिली पदवी. एका दवाखान्यात हिशेब बघते. यंदा पालिकेच्या शिक्षण विभागात गेले, आमच्या शाळेत नववी-दहावीचे वर्ग काढा असा अर्ज घेऊन. साहेबांनी वाचला. हसून म्हणाले, "अहो ताई, खासगी शाळा आहेत की. तुम्ही स्वतः तिथूनच शिकलात ना? झालं ना चांगलं?"

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मी उभं राहून जी एक जागा मिळवली, ती ते आता माझ्यामागून येणाऱ्या मुलींना नाकारायला वापरत होते.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा गेले. म्हटलं, "साहेब, माझं झालं. माझ्या वर्गाचं नाही झालं. माझं उदाहरण यापुढे द्यायचं नाही."

ते म्हणाले, "बघू."

मी इथून पुढे कुठल्याही मुलीला एकटीने त्या दारात उभं राहायला शिकवणार नाही. कोणाची मेहेरबानी म्हणून मिळालेल्या एका जागेला शिक्षण म्हणत नाहीत. नववीचा वर्ग पालिकेनेच काढायचा, आमच्याच इमारतीत, आमच्याच मुलींसाठी. तोवर दर सोमवारी सुट्टी टाकून मी त्या कार्यालयात जाणार आहे. सोबत कोणी आलं तर येवो. नाही तर एकटी तर एकटी.