सोडू ना?

आमच्या ऑपरेशन थिएटरात त्याला सगळे होयबा म्हणतात. तोंडावर डॉक्टर, पाठीमागे होयबा. मी इथली मुख्य सिस्टर, मी एकदा तोंडावरही म्हणून पाहिलं. तो हसला आणि "हो" म्हणाला.

माणूस हुशार आहे, म्हणूनच जास्त चीड येते. बापाने सांगितलं डॉक्टर हो, झाला. सासऱ्याने सांगितलं आमच्या शेजारचाच फ्लॅट घे, घेतला. बायको म्हणते मिशा काढा, सासू म्हणते ठेवा. म्हणून ओठावर जे अर्धवट काही उरलंय ते बघवत नाही. नाकासमोर चालणारा म्हणून लोक त्याचं कौतुक करतात. नाक मात्र नेहमी दुसऱ्याचं असतं.

यकृत बदलायच्या ऑपरेशनात हृदयावर नजर ठेवणं हे त्याचं काम. रोग्याच्या अन्ननलिकेत एक नळी घालतात, तिच्या टोकाला बसवलेल्या यंत्रामुळे हृदय पडद्यावर दिसतं. नवं यकृत शिवून झालं की रक्तवाहिन्यांवरचे चिमटे काढायचे. तेव्हा बर्फात ठेवलेल्या त्या यकृतातून थंडगार, क्षारांनी भरलेलं रक्त हृदयात घुसतं. हृदय आधीच थकलेलं असेल तर ते तिथेच थांबू शकतं. म्हणून मोठे सर्जन आधी विचारतात आणि पडद्यासमोरच्या माणसाने सांगायचं, 'सोडा' किंवा 'थांबा'. यातला दुसरा शब्द होयबाने जन्मात उच्चारला नसेल.

त्या दिवशी टेबलावर एक बसचालक होता. यकृताचा तुकडा दिला होता त्याच्या थोरल्या बहिणीने. सकाळी ट्रॉलीवरून आत नेताना ती माझा हात धरून म्हणाली, "आई गेल्यावर याला मीच वाढवलंय, सिस्टर. अर्धं काळीज काय, अख्खं घ्या, पण याला वाचवा." यकृताला ती काळीजच म्हणत होती. तिच्या घरात तोच शब्द.

शिवण पुरी झाली. मोठे सर्जन कंटाळले होते, त्यांची मान अवघडली होती.

"सोडू ना?"

"हो सर."

चिमटे निघाले. यकृत बघता बघता गुलाबी झालं, आणि हृदयाचे ठोके मंदावत मंदावत बंद पडले. छाती दाबली, औषधं दिली, शॉक दिले. बसचालक गेला.

हात धुताना सर्जननी विचारलं, "तुला काही दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं, सर. हृदयाची उजवी बाजू फुगली होती."

"मग 'थांबा' का नाही म्हणालास?"

"तुम्ही 'सोडू का' नाही विचारलंत, सर. 'सोडू ना' म्हणालात."

हातातला ट्रे त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. सर्जनही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. असं विचारणाऱ्यांना होयबेच लागतात. पण त्यांची नजर पोटात होती, हृदय याच्यासमोर होतं. बघूनसवरून या भेकडाने एका 'ना'ला मान दिला.

"बहिणीला तूच सांग," सर्जन म्हणाले. तो "हो" म्हणाला. मला भरवसा नव्हता, म्हणून मागोमाग गेले.

ती नुकतीच शुद्धीवर येत होती. ओठ कोरडे पडले होते.

"डॉक्टर, माझं काळीज रुजलं ना त्याला?"

"हो."

खोटंही म्हणता येईना. ते रुजलंच होतं.

"मग त्याला सांगा, ताई बरी आहे. उगाच रडत बसेल."

"हो," म्हणाला आणि दाराबाहेर सटकला.

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. तिचा हात हातात घेतला.

"ताई, काळीज रुजलं होतं. पण त्याचं हृदय थांबलं. तो गेला."



"म्हणजे," तिने विचारलं, "काळीज आणि हृदय वेगळं असतं?"